‘ॲडमिन’ म्हणजे कोण, हे आधी सांगा

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा सगळ्यात महत्त्वाचा सर्व्हर कोणता, असं पुनावळे, रावेत, ताथवडे पट्ट्यातल्या कुठल्याही चालकाला विचारा. तो बिलिंगच्या सर्व्हरकडे बोट दाखवेल. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो बंद पडला तर वसुली थांबते, त्यामुळे त्याचा जीव त्यातच अडकलेला असतो. पण हे उत्तर चुकीचं आहे, आणि आपल्या भागातल्या इंटरनेटच्या धंद्यात जो बेजबाबदारपणा मुरला आहे त्याची मुळी याच उत्तरात आहे. सगळ्यात महत्त्वाचा सर्व्हर तो, ज्यात लिहिलेलं असतं की अमुक तारखेला, अमुक वाजून अमुक मिनिटांनी, अमुक आयपी पत्ता कोणाच्या घरी होता. बिल चुकलं तर पैसे परत देता येतात. ही नोंद चुकली तर माणूस तुरुंगात जातो.

हे पुण्यात घडलेलं आहे. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी बंगळूरला जाऊन एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारी चित्रं टाकल्याचा आरोप त्याच्यावर होता. गूगलने आयपी पत्ता दिला होता. त्या वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, हे एअरटेलने सांगितलं. सांगितलेलं चुकीचं निघालं. तो मुलगा पन्नास दिवस येरवडा तुरुंगात होता. कुठल्या आरोपाखाली होता ते लक्षात घ्या, आणि त्या आरोपाखाली महाराष्ट्रातल्या तुरुंगात पन्नास दिवस काढणं म्हणजे काय याचा विचार करा.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते, तर चुकीच्या साधेपणाची. कोणी सर्व्हर फोडला नव्हता, कोणी पासवर्ड चोरला नव्हता. नोंदींतून चुकीचं नाव बाहेर आलं, ते कागदावर चढलं, आणि कागद संगणकातून निघालेला म्हणून कोणालाही दुसऱ्यांदा तपासावासा वाटला नाही. ती देशभर पसरलेली कंपनी होती. तिच्याकडे प्रशिक्षित माणसं होती, कायदा विभाग होता. शिवाय तो काळ तुलनेने सोपा होता. एका जोडणीला एक पत्ता मिळायचा. आज तेच काम आपल्याकडे कोण करतं, कुठे बसून करतं, हे मी रोज पाहतो. सर्व्हर आणि ग्राहकांची खाती सांभाळणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. म्हणून हे लिहितो आहे, आणि धंद्यातल्या लोकांना राग येईल हे धरूनच लिहितो आहे.

पुनावळे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्यानंतरही बराच काळ ते गावच होतं. मग शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि त्यात हिंजवडीचे आयटीवाले आले, चाकण-तळवड्याला पाळीवर जाणारे आले, अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी बिऱ्हाडं आली. या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून इंटरनेट हवं असतं, पाण्याच्या टँकरच्याही आधी. त्या मागणीतून धंदा वाढला. जो आधी केबल टीव्ही चालवायचा त्याने फायबर ओढली. सरकारी परवाना तीन दर्जांचा असतो: ‘अ’ देशभरासाठी, ‘ब’ एका टेलिकॉम सर्कलपुरता, ‘क’ त्याहून लहान क्षेत्रापुरता. पण गल्लीतल्या चालकाकडे बहुतेक वेळा यातला कुठलाच नसतो. तो परवानेवाल्या कंपनीची फ्रँचायझी असतो. परवाना एकाचा, फायबर दुसऱ्याची, ग्राहकाच्या दारात जाणारा मुलगा तिसऱ्याच ठेकेदाराचा. प्रश्न आला की तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि शेवटचं बोट नेहमी त्या मुलाकडे वळतं.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या घरातला राउटर सुरू झाला की तो कंपनीकडे एक नाव आणि एक पासवर्ड पाठवतो. कंपनीच्या मुख्य राउटरच्या मागे रेडियस नावाचा सर्व्हर बसलेला असतो. हा कोण, याला आत घ्यायचं का, किती वेग द्यायचा, हे तो ठरवतो. आणि हा किती वाजता आला, कोणता पत्ता घेऊन बसला, किती वाजता गेला, हे तो लिहून ठेवतो. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीने डायल-अपच्या काळात ही पद्धत बसवली, आणि आज फायबरवरही तीच चालते. आत घेण्या-न घेण्याचं काम आपले चालक डोळ्यांत तेल घालून करतात. प्लॅन संपला की रात्री बाराच्या ठोक्याला जोडणी तुटते, त्यात कधी चूक होत नाही. लिहून ठेवण्याचं काम मात्र वाऱ्यावर सोडलेलं असतं, कारण त्यात एक रुपया मिळत नाही.

वाऱ्यावर म्हणजे कसं, ते सांगतो. ग्राहक जोडला गेला की मुख्य राउटर रेडियसला ‘स्टार्ट’ पाठवतो, तुटला की ‘स्टॉप’, आणि मधूनमधून ‘इंटरिम’, म्हणजे तो अजून आहे असा निरोप. आता पावसाळ्यातली संध्याकाळ धरा. वीज जाते, बॅटऱ्या उतरतात, मुख्य राउटर बसतो. शेकडो घरांचे ‘स्टॉप’ कधी येतच नाहीत. रेडियसच्या लेखी ती सगळी घरं ऑनलाइनच असतात. वीज येते, घरं पुन्हा जोडायला जातात, आणि सर्व्हर त्यांना अडवतो: या खात्यावर कोणीतरी आधीच आत आहे. ऑफिसचे फोन वाजू लागतात. यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. राउटर पुन्हा उठताना ‘अकाउंटिंग-ऑन’ असा निरोप पाठवतो; तो वाचायचा आणि त्या राउटरवरची सगळी लटकलेली सेशन्स बंद करायची. ज्या घराचा ‘इंटरिम’ ठरावीक मिनिटांत आला नाही, त्याचं सेशन शेवटच्या निरोपापाशी संपलं असं धरायचं. जाणत्या माणसाचं हे एका दुपारचं काम आहे. ते न करता आपल्याकडे काय करतात? एका खात्यावर एकच लॉगिन चालेल, ही अटच काढून टाकतात. फोन थांबतात. मालक खूश होतो. ती अट मग कधीच परत लावली जात नाही.

अट गेली की खात्याचा आणि घराचा संबंध सुटला. नवीन जोडणी द्यायची आहे, कागदपत्रं यायची आहेत, ग्राहक घाई करतो आहे. लाइनमन राउटरमध्ये ‘टेस्ट’ नावाचं खातं टाकून मोकळा होतो. ते घर दोन दिवस टेस्टवर चालतं, कधी दोन महिने. त्याच वेळी आणखी चार घरं त्याच टेस्टवर असतात. भाडेकरू जातो, खातं घरमालकाच्या नावावर राहतं, पुढचा भाडेकरू तेच नाव, तोच पासवर्ड वापरत राहतो. पीजीमध्ये तर एका खात्यामागे तीन मजले भरून मुलं असतात. उद्या यातल्या एका मजल्यावरून कोणी एखाद्या बाईला धमकीचे मेल पाठवले, तर पोलिसांना दिलं जाणारं नाव नागपुरात किंवा दुबईत बसलेल्या घरमालकाचं असेल. किंवा ते नाव ‘टेस्ट’ असेल. पोलीस ‘टेस्ट’ला अटक करू शकत नाहीत. मग ते ज्याच्या दारावर पहिली टकटक करता येईल, त्याच्याकडे जातात.

आता आयपी पत्त्यांकडे या. जुन्या पद्धतीचे पत्ते संपलेले आहेत, ही काही नवी बातमी नाही. आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या टप्प्यावर आला; त्यानंतर त्या साठ्यातून नव्या सभासदाला फार तर १,०२४ पत्ते मिळायचे, आणि २०१९ पासून ५१२. ग्राहक हजारोंनी आणि पत्ते शेकड्यांनी, म्हणून बाहेरचा एक पत्ता अनेक घरांत वाटला जातो. तुमच्या राउटरवर १००.६४ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल तर तुम्हीही त्या वाटणीत आहात. ही पद्धत वापरायला माझी हरकत नाही, दुसरा मार्ग नाही. पण मग नुसता आयपी पत्ता आणि वेळ यांवरून घर ओळखता येत नाही, पोर्टचा, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा, क्रमांकही लागतो. त्याच सेकंदाला त्याच पत्त्यामागे चौसष्ट घरं बसलेली असू शकतात. कोणत्या घराला कोणते पोर्ट दिले होते याची नोंद नसेल, तर ‘हा पत्ता अमुक ग्राहकाचा’ हे विधान चौसष्टातल्या त्रेसष्ट जणांबाबत खोटं आहे. आणि अशी विधानं पोलिसांना दिली जातात. रिकामं उत्तर पाठवलं तर चौकशी होईल या भीतीने, यादीतलं पहिलं नाव कागदावर चढवणारा माणूस मी पाहिला आहे. मी त्याला विचारलं, हे कशावरून? तो म्हणाला, सर, काहीतरी तर द्यायला पाहिजे ना.

काहीतरी द्यायला पाहिजे! एका कुटुंबाच्या अब्रूचा प्रश्न आणि उत्तर हे.

पोर्टची नोंद ठेवणं महाग आहे, अशी सबब सांगितली जाते. हिशेब करून दाखवतो. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. पहिले १,०२४ बाजूला ठेवले तर ६४,५१२ उरतात. चौसष्ट घरांत सारखे वाटले तर प्रत्येकाला १,००८ मिळतात, आणि साध्या घराला ते बहुतेक वेळा पुरतात. असा ठरलेला गठ्ठा प्रत्येक घराला एकदाच दिला, तर प्रत्येक जोडणीची वेगळी नोंद लिहायची गरज राहत नाही. गठ्ठा कोणाला कधी दिला आणि कधी परत घेतला, एवढंच लिहायचं. ही युक्ती २०१४ पासून इंटरनेटच्या मानकांच्या दस्तऐवजांत छापून ठेवलेली आहे. घरटी दिवसाला चार ओळी, ओळीला शंभर अक्षरं धरली, तर पाच हजार घरांच्या दोन वर्षांच्या नोंदी दीड जीबीच्या आत बसतात. एवढी जागा लाइनमनच्या मोबाइलमध्ये रिकामी असते. परवान्याला लागणाऱ्या बाकीच्या नोंदी याहून पुष्कळ मोठ्या असतात, त्यांना वेगळ्या डिस्क लागतात, हे मान्य. पण ‘हा पत्ता कोणाकडे होता’ या एका प्रश्नाचं खरं उत्तर ठेवायला पैसा आडवा येत नाही.

आणि घड्याळ. ज्या सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे, त्याच्यावरच्या नोंदी शेजारच्या माणसाला आरोपी करतात. परदेशी कंपनीने वेळ जागतिक घड्याळात दिली असेल आणि ती तुम्ही भारतीय समजून वाचलीत, तर साडेपाच तासांपूर्वी तो पत्ता ज्याच्याकडे होता तो सापडतो. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने सेवा देणाऱ्या सगळ्यांना सांगितलं आहे की घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा, लॉग १८० दिवस देशात ठेवा, आणि घुसखोरीसारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याखालच्या नोंदींची मुदत एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. घड्याळ जुळवणं म्हणजे एका फाइलमध्ये एक ओळ लिहिणं. तीसुद्धा न लिहिलेले सर्व्हर आजही या पट्ट्यात ग्राहकांच्या नावाने साक्ष लिहीत बसलेले आहेत.

पण माझ्या मते या सगळ्याहून मोठं पाप म्हणजे सामायिक पासवर्ड.

शटरच्या मागे प्लायवूडचं पार्टिशन, त्यामागे रॅक. एकाच मशीनवर रेडियस, बिलिंग, डीएनएस, ग्राहकांचं पोर्टल, आणि ऑफिसच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही. त्यावर लॉगिन एकच, ‘ॲडमिन’. पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३. तो मालकाला माहीत असतो, त्याच्या भाच्याला, हिशेब ठेवणाऱ्या मुलीला, दोन्ही पाळ्यांच्या लाइनमनना, सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या सपोर्टवाल्याला, आणि गेल्या दिवाळीत नोकरी सोडून समोरच्या स्पर्धकाकडे गेलेल्यालाही. हेच ओएलटीवर, म्हणजे घरोघरच्या फायबर जिथे एकत्र येतात त्या यंत्रावर, हेच मुख्य राउटरवर. अशा ठिकाणी एखाद्या खात्याचं नाव बदललं, एखादी नोंद पुसली गेली, एखाद्या घराला रात्री दुसऱ्याच खात्यावर टाकलं, तर लॉगमध्ये एकच उत्तर सापडतं: ॲडमिनने केलं. हा ॲडमिन म्हणजे कोण, ते जगात कोणीही सांगू शकत नाही.

इथले अनेक चालक गावकीतले आहेत. त्यांच्या घरात सातबाऱ्याच्या एका चुकीच्या फेरफाराने दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. फेरफार कोणी घातला, कोणत्या दस्तावरून, कोणत्या अधिकाऱ्याने मंजूर केला, हे त्यांना नोंदीच्या क्रमांकासकट पाठ असतं. स्वतःच्या गुंठ्याच्या नोंदीबाबत जी माणसं एवढी दक्ष, तीच माणसं हजारो परक्या कुटुंबांच्या नोंदी एका पासवर्डवर उघड्या टाकतात. यात अज्ञान नाही. नोंदीची किंमत त्यांना पुरेपूर ठाऊक आहे. ती दुसऱ्याची आहे म्हणून ती राखायची नाही, एवढाच याचा अर्थ होतो, आणि तो मला संतापजनक वाटतो.

सामायिक पासवर्ड मालकाच्या सोयीचा असतो. प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं की मालकालाही वेगळं लॉगिन घ्यावं लागतं, आणि मग त्याने केलेलंही दिसतं. ओळखीच्या कोणाचं बिल माफ केलं, एखाद्याची वापराची नोंद काढून टाकली, तर तेही दिसतं. म्हणून प्रस्ताव मांडला की तो ‘नंतर बघू’वर जातो. आणि काही बिघडलं की सगळे वळतात ते लातूर-परभणीकडून आलेल्या, महिन्याला जेमतेम पगार घेणाऱ्या, उन्हापावसात खांबावर चढणाऱ्या पोराकडे. त्याच्याजवळ पासवर्ड होता, म्हणून तो संशयित. तो निर्दोष आहे हे सिद्ध करणारा कागद व्यवस्थेने मुद्दामच तयार होऊ दिलेला नसतो. वेगळं लॉगिन म्हणजे त्या पोरावर ठेवलेली नजर, असं काही चालक मला ऐकवतात. उलट आहे. ते त्याचं एकमेव संरक्षण आहे.

बाहेरून येणाऱ्या धोक्याचं वेगळं सांगायला नको, पण सांगतो, कारण ‘आपल्याकडे कोण येतंय’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका मालवेअरने बंद पाडले. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड त्यांवर तसाच होता. २०१८ मध्ये लॅटव्हियाच्या मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमधली त्रुटी उघड झाली. लहान सेवापुरवठादारांचे रॅक ज्या राउटरांनी भरलेले असतात, तेच हे. बाहेरचा कोणीही विनबॉक्स या राउटर सांभाळण्याच्या साधनाच्या दारातून वापरकर्त्यांची फाइल ओढून घेऊन पासवर्ड वाचू शकत होता. कंपनीने एप्रिलमध्येच दुरुस्ती दिली. ती न चढवलेले लाखो राउटर पुढे कित्येक महिने लुटारूंच्या ताब्यात राहिले आणि त्यांच्यामागच्या ग्राहकांच्या संगणकांवर कूटचलन खणून घेतलं गेलं, ब्राझीलमध्ये सर्वात आधी आणि सर्वात जास्त, नंतर भारतातही. तिथे दार उघडं ठेवणारा ॲडमिनच होता.

आता या नोंदी न्यायालयात देताना होणाऱ्या सहीबद्दल. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद वाचकांना आठवत असेल. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरला की नंतर, हा प्रश्न होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत मांडायची तर प्रमाणपत्र हवंच. त्याच निकालात मोबाइल कंपन्यांना आणि इंटरनेट सेवापुरवठादारांना आदेश आहे की तपासात जप्त झालेल्या नोंदींच्या काळातल्या नोंदी वेगळ्या आणि सुरक्षित ठेवा. हा निकाल महाराष्ट्रातल्या खटल्यातून आलेला आहे, तरी तो माहीत असलेला गल्लीतला चालक मला अजून भेटायचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ते प्रमाणपत्र आणखी कडक केलं. त्याचे आता दोन भाग आहेत, फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. आणि पहिल्या भागात सही करणारा लिहून देतो की ते यंत्र त्याच्या कायदेशीर ताब्यात होतं आणि त्या काळात नीट चालत होतं.

ज्या यंत्राचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे आहे, ते कोणाच्या ताब्यात होतं? ज्याचं घड्याळ मागे आहे आणि ज्यावर ‘टेस्ट’ नावाखाली पाच घरं एकदम नांदतात, ते नीट चालत होतं? तरी सही होते. ही सही म्हणजे न्यायालयासमोर केलेलं खोटं विधान आहे, आणि ती करणाऱ्याला मी चोरापेक्षा वेगळं मानत नाही. चोर निदान एकाच घराचं नुकसान करतो.

ग्राहकांच्या कागदपत्रांचं काय होतं, त्यावर थोडंच लिहितो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे आणि तरीही सगळे गप्प आहेत. आधारचा फोटो लाइनमनच्या स्वतःच्या मोबाइलवर काढला जातो. तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला जातो. ग्रुपमधले सगळे तो उतरवून घेतात. नोकरी सुटते, मोबाइल विकला जातो, ग्रुप तसाच राहतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आकडा ऐकून चालक हसतात, आपल्याला कोण विचारतंय म्हणून. ज्या बाईचा आधार क्रमांक, घरचा पत्ता आणि ती घरी कधी असते हे त्या ग्रुपवर आहे, तिने काय करायचं?

सबबी मला पाठ आहेत. पहिली, धंद्यात आता काही उरत नाही. मोठ्या कंपन्यांनी दर पाडले आहेत, खोदाईचे आणि डक्टचे पैसे वेगळे, परवानेवाल्याचा वाटा वेगळा; हे खरं आहे, मी ताळेबंद पाहिले आहेत. पण रेडियसचं सगळ्यात नावाजलेलं सॉफ्टवेअर, फ्रीरेडियस, फुकट आहे. ते ज्या लिनक्सवर चालतं तेही फुकट. प्रत्येक माणसाला वेगळं लॉगिन द्यायला एक रुपया लागत नाही. बिलिंग एका मशीनवर ठेवा, रेडियस दुसऱ्यावर, आणि लॉग तिसऱ्या अशा मशीनवर, जिथे लिहिता येतं पण पुसता येत नाही. ही तीन मशीनं जुनी, वापरलेली घेतली तरी चालतात. नव्या चारचाकीवर कंपनीचं नाव रंगवायला पैसे असतात. तेव्हा पैसे नाहीत, हे मी ऐकून घेणार नाही.

दुसरी सबब: ग्राहक कटकट करतो. दर घराला वेगळा पासवर्ड दिला, भाडेकरू बदलल्यावर नवा अर्ज मागितला, तर तो दुसऱ्या कंपनीकडे जातो. जाऊ द्या. आणि खरं सांगायचं तर जात नाही. ज्या भाडेकरूला तुम्ही समजावून सांगाल की हे खातं तुझ्या नावावर असणं तुझ्याच हिताचं आहे, आधीचा काय करून गेला त्याचं तुझ्यावर यायला नको, तो निमूटपणे फॉर्म भरतो. समजावून सांगायला वेळ द्यावा लागतो, तो द्यायचा नसतो.

तिसरी सबब सगळ्यात हीन आहे: इतकी वर्षं काही झालं नाही. काही झालं नाही हे तुम्हाला कशावरून कळलं? नोंदी तर तुम्ही ठेवल्याच नाहीत.

परवानेवाल्या कंपन्यांनीही हात झटकू नयेत. फ्रँचायझीने रेडियस कुठे ठेवला आहे, त्यात कोण शिरू शकतं, हे तपासणं त्यांचं काम आहे, कारण परवान्यावर सही त्यांची आहे. खरं तर खाती आणि नोंदी गल्लीतल्या मशीनवर असूच नयेत. फ्रँचायझीने फायबर ओढावी, जोडणी दुरुस्त करावी, पैसे गोळा करावेत. कोण कोणत्या पत्त्यावर होता ही वही परवानाधारकाच्या ताब्यात, त्याच्या जबाबदारीवर, फ्रँचायझीच्या हाताला लागणार नाही अशी राहिली पाहिजे. जे परवानाधारक हे करतात त्यांच्याकडे काम करणं सोपं जातं. जे करत नाहीत ते परवाना भाड्याने देतात, दुसरं काही नाही.

सोसायट्यांच्या कमिट्यांनाही माझं थेट सांगणं आहे. पुनावळ्याने कचरा डेपोविरुद्ध रस्त्यावर उतरून लढा दिला आणि २०२३ मध्ये सरकारला तो रद्द करायला लावला. भुयारी मार्गातल्या कोंडीवर तुम्ही निवेदनं देता, पाण्यावरून महापालिकेत जाऊन बसता. मग इंटरनेटवाल्याशी करार करताना तुमची चर्चा गच्चीच्या भाड्यावर आणि क्लबहाउसच्या फुकट जोडणीवर का संपते? करारात लिहून घ्या की प्रत्येक घराचं खातं तिथे राहणाऱ्याच्या नावावर असेल आणि भाडेकरू बदलला की त्याच आठवड्यात बदलेल. सर्व्हरवर हात घालणाऱ्या प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असेल आणि नोकरी सुटली की त्याच दिवशी बंद होईल. आधारची प्रत कोणाच्याही खासगी मोबाइलवर जाणार नाही. पोलिसांना किंवा कोर्टाला एखाद्या सदनिकेची नोंद देताना पत्ता, पोर्ट आणि वेळ तिन्ही जुळल्याशिवाय नाव दिलं जाणार नाही, आणि न जुळल्यास ‘सांगता येत नाही’ असंच लेखी कळवलं जाईल. वर्षातून एकदा कमिटीतल्या दोन माणसांना, ज्यांतला एक तरी या क्षेत्रातला असेल, हे सगळं दाखवलं जाईल. पुनावळ्याच्या कुठल्याही टॉवरमध्ये असा माणूस दर मजल्यावर मिळतो. जो चालक हे लिहून देणार नाही, त्याची वायर तुमच्या डक्टमध्ये शिरू देऊ नका. आणि जो आधीच शिरला आहे, त्याला करार नव्याने करेपर्यंत नवीन एकही जोडणी देऊ देऊ नका.